रामेनच्या दुकानात त्या मशीनसमोर घाम फुटला, नक्की करायचं काय असतं?

वाट_चुकलेला:
ऑफिसच्या कामाने तीन आठवडे टोकियोत आहे, बायकोपण आलीये. हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक चिंचोळं रामेनचं (सूपमधल्या जपानी नूडल्सचं) दुकान आहे, आठ-नऊ स्टुलं बास, पण वास असला सुटलेला असतो की काल रात्री पाय आपोआप तिकडे वळले. आत शिरलो तर मेनू नाही, ऑर्डर घ्यायला कोणी नाही, दारातच एक मशीन, त्यावर तीस-चाळीस बटणं, सगळं जपानीत आणि फोटो एकाचाही नाही. मी १०,००० येनची नोट काढली, आत घातली की बाहेर, परत घातली की परत बाहेर, तोवर मागे चार जण येऊन उभे. कोणी चकार शब्द काढला नाही आणि त्यामुळेच जास्त ओशाळायला झालं. शेवटी सुमिमासेन सुमिमासेन (माफ करा) करत सटकलो आणि कोंबिनीतली (छोट्या किराणा-खाऊच्या दुकानातली) ओनिगिरी (भाताचा गोळा) खाऊन झोपलो.

तर जाणकारांनी सांगा, कुठलं बटण दाबायचं? दोघांत एक बोल घेतला तर चालतो का? बायको शाकाहारी आहे (अंडं चालतं), मी चिकन खातो, पोर्क कधी खाल्लं नाहीये पण तयारी आहे. आणि ते भुरके मारत खायचं असतं हे खरंय का कोणीतरी उठवलंय?

लाल_छत्री:
अरे पहिल्यांदा सगळ्यांचं हेच होतं. आधी नोटेचं सांगतो. जुनी मशीन फक्त १००० ची नोट आणि नाणी घेतात, त्यात जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा बऱ्याच छोट्या दुकानांना मशीन बदलणं परवडलंच नाही, म्हणून जुन्या १००० च्या दोन-चार नोटा मिळाल्या तर खिशात वेगळ्या ठेव. बटणांचं म्हणशील तर काहीच सुचलं नाही की सगळ्यात वरच्या ओळीतलं डावीकडचं पहिलं, दुकानाचं मुख्य रामेन बहुतेक वेळा तिथेच असतं. खालची स्वस्तातली बटणं म्हणजे ज्यादाचं अंडं, नोरी (समुद्री शेवाळाचा कागद), भात वगैरे, चुकून तेवढंच दाबलंस तर नुसतं अंडं खाऊन यायला लागेल :) फोनचा कॅमेरा भाषांतर करतो पण आधी रस्त्यावर उभं राहून बघ, मशीनसमोर नको.

बटण दाबलं की मशीनमधून तिकीट पडतं, ते समोरच्या कठड्यावर ठेवायचं. आतला माणूस काहीतरी विचारेल, त्यात "काता" ऐकू आलं तर नूडल्स किती कडक ठेवू असं विचारतोय, फुत्सू (नेहमीसारख्या) म्हणून मोकळा हो. पाणी आपलं आपण घ्यायचं. झालं की बोल वर कठड्यावर, फडकं असेल तर पुढ्यातली जागा पुसायची, गोचिसोसामा (जेवणाबद्दल आभार) म्हणायचं आणि उठायचं. टिप ठेवू नकोस, माझ्या मित्राने ठेवली तर तिथला पोरगा अर्धा रस्ता मागे पळत आला पैसे परत द्यायला. आणि दोघांत एक बोल नाही रे, आठ स्टुलांच्या दुकानात स्टूल अडवलं म्हणजे एक रामेन घ्यायचंच.

ताईसाहेब_२:
बायकोला त्या दुकानात नेऊच नका. मीपण मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) रामेन म्हणजे सोयाबीनचं, चालेल म्हणून आनंदाने निम्मं खाल्लं होतं आणि मग कळलं. शिओ, शोयू, मिसो ही नावं मिठाची, सोया सॉसची, मिसोची, म्हणजे बोलमध्ये जो मसाला पडतो त्याची. खालचं सूप बहुतेक ठिकाणी डुकराच्या नाहीतर कोंबडीच्या हाडांचं असतं, वर वाळवलेले मासे, आणि वरून कितीही भाज्या रचल्या तरी सूप तेच. टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतान आहे, ते पूर्ण व्हीगन, तिळाचं तिखट तानतानमेन मिळतं, तिथे न्या. नूडल्स पिवळ्या दिसतात त्या अंड्यानेच असं नाही हं, कान्सुई नावाचं क्षाराचं पाणी कणकेत घालतात, त्याने रंग येतो आणि तो चिवट लवचिकपणाही.

निवांत_गडी:
भुरक्यांची सक्ती नाहीये, उगाच नाटकी आवाज काढायला जाऊ नका, जपान्यांना ते लगेच कळतं. पण नूडल्स उकळत्या सूपमधून येतात, हवेसकट ओढल्या की जीभ भाजत नाही आणि वास नाकात चढतो, दोन घासांनंतर आपोआपच जमतं. सूप उरलं तर उरू दे, कोणी काही मनाला लावून घेत नाही आणि मीठ भरपूर असतं त्यात.

हाकाता (फुकुओका) पद्धतीचं तोन्कोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांच्या सूपचं रामेन असेल तर मात्र सूप राखून ठेवा!! त्या बारीक नूडल्स फार लवकर मऊ पडतात म्हणून आधी थोड्याच देतात, संपल्या की काएदामा म्हणायचं, १००-२०० येनमध्ये नुसत्या नूडल्स तुमच्याच सूपमध्ये आणून टाकतात. फुकुओकात नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईच्या लोकांसाठी ही पद्धत निघाली. पहिल्या झटक्यात सूप पिऊन बसलात तर काएदामा कशात घेणार.

वाट_चुकलेला:
आज जाऊन आलो!! १००० ची नोट, वरच्या ओळीतलं डावीकडचं पहिलं बटण, ८५० येन, तिकीट पडलं. उरलेले १५० काही येईनात, म्हटलं गेले, कोण विचारणार, तसाच जाऊन बसलो. तर मागच्या आजोबांनी खांद्याला एक बोट लावलं, परत मशीनपाशी नेलं आणि तिथला छोटासा खटका फिरवला, खणखण नाणी खाली. हे लाल_छत्री तू सांगितलं नाहीस बरं का.

दुकानात गाणी नाहीत, गप्पा नाहीत, नुसते चहूबाजूंनी भुरके. बोल आला तसा चष्मा पांढराधोप, तो काढूनच खाल्लं. सूपवर तेलाचे बारीक बारीक गोल, पोर्कचा तुकडा चॉपस्टिकने उचलला तर मधूनच तुटला इतका मऊ, आणि अर्ध्या अंड्यातलं पिवळं मधासारखं घट्ट. बारा मिनिटांत बाहेर, इतक्या पटकन मी कुठल्याच हॉटेलातून उठलेलो नाही. बायकोला उद्या तानतान. आणि गोचिसोसामा मी इतकं पुटपुटलो की बहुतेक ऐकूच गेलं नाही, पण आतून रामेन बनवणारे दोघंही काहीतरी ओरडले, म्हणजे गेलं असेल.

लाल_छत्री:
खटका राहिलाच सांगायचा, माफी. शुक्रवारी दुपारी बाराला जाऊ नकोस तेवढं, रांग गल्लीच्या टोकापर्यंत येते.