न पाहिलेले डोंगर : तुमचे जलरंगांचे अनुभव लिहा

रात्री भांडी आवरली की मी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर जुना पेपर पसरते. रंगांच्या वड्यांचा डबा, दोन मग पाणी, फाटक्या बनियनचा बोळा. ३०० जीएसएमचा जाड कागद महाग, म्हणून एका ए-फोरचे चार तुकडे. कागद आधी ओला करायचा, वरून निळा अल्ट्रामरीन सोडायचा आणि तो ओला असतानाच खालून तपकिरी बर्न्ट सिएना. दोघं भेटतात तिथे राखाडी ढग येतो. तो मी केलेला नसतो, झालेला असतो. मग त्याच्याखाली एखादी दरी, एखादी पायवाट. दिवसभर बँकेत एका रुपयाचा फरक शोधायचा आणि रात्री ही चैन! नवरा विचारतो, "हे कुठलं?" मी दर वेळी नवं नाव ठोकून देते. परवा "सांजखिंड" म्हटलं, तर मॅपवर शोधत बसला.

तुम्ही काढता का असं मनातलं निसर्गचित्र? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा. फोटोवरून केलेली नकोत, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू.

रत्नागिरीहून

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, नागमोडी नदी, चाराच्या आकड्याचे पक्षी. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या असल्या चित्रांवर जन्मभर लाल पेन चालवलं. "डोंगर असे असतात का रे?" हे माझं ठरलेलं वाक्य. आता पडवीत बसून तेच डोंगर काढतो, आणि काय सांगू ताई, मजा येते! सूर्य मात्र रंगवत नाही, तेवढा गोल कोरा सोडतो. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद, हे पोरांना सांगून दमलो होतो.

आषाढात पंचाईत होते. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळता वाळत नाही. त्यात गेल्या वर्षी चांगले कागद दमट कपाटात राहिले आणि त्यांच्यावरची खळ गेली. रंग टीपकागदावर पडावा तसा जागच्या जागी शोषला जायचा, आकाशभर ठिपकेच ठिपके. ही म्हणाली, टाकून द्या. मी कागद उलटा फिरवला, आकाश खाली घेतलं आणि ठिपक्यांच्या करवंदीच्या जाळ्या केल्या.

सोलापूरहून

तिशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण काढायचे मात्र समुद्रच. निळेशार. मग अलिबागला गेलो. एवढं मातकट पाणी? घरी येऊन पुन्हा निळाच काढला.

न्यू जर्सीहून

इथे १४ वर्षं झाली. आजूबाजूला मेपल, शरदात लाल-केशरी जंगलं, रंगवायला काही कमी नाही. मी मुद्दाम कुठलाच नसलेला डोंगर काढायला बसते. पण हात शेवटी माथा सपाट करतो, खाली आडवे काळे कातळ आणि त्यांच्यामधून गवताचे हिरवे पट्टे. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला सह्याद्री, दुसरं काय! मुलगी म्हणते, "आई, तुझ्या डोंगरांना पायऱ्या का असतात?" एकदा हट्टाने टोकदार, बर्फाचा काढला. छान झाला, पण पाहुण्यासारखा वाटला. भिंतीवर नाही लावला.

पुण्याहून

मला कल्पनाच सुचत नाही, कोरा कागद बघून हात थिजतो. शिवाय आकाश अर्धवट वाळलं असताना पाणीदार ब्रश लागला की कॉलीफ्लॉवरसारखा डाग फुटतो. काय करावं?

नाशिकहून, वरच्या प्रतिसादाला

तो फ्लॉवर पुसू नका, त्याचं झाड करा. आणि कल्पनेची काळजी सोडा. अठराव्या शतकात अलेक्झांडर कोझेन्स नावाचा इंग्रज चित्रकार शाईचे डाग टाकून त्यांतून निसर्गचित्रं शोधायला शिकवायचा. मी चहाचे डाग वापरते. कपाच्या बुडाचं वर्तुळ म्हणजे तयार तळं.

मुंबईहून

आईचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ती झोपते. मी पोस्टकार्डाएवढा कागद आणि दांड्यात पाणी भरायचा ब्रश घेऊन बसतो, बाकी पसारा नाही. शेजारच्या बेडवरच्या आजी आधी नुसत्या बघायच्या. मग एकदा म्हणाल्या, "माळ बरा आहे रे, पण रात्री राहायचं कुठे? झोपडी काढ." काढली. पुढच्या वेळी म्हणाल्या, दार पूर्वेला कर. तेही केलं. त्यांना दिवसाला पाणी मोजून असतं. परवा चष्मा लावून बराच वेळ कार्ड बघत होत्या.

"नदी फार लांब पडते, बाळा. दाराशी आण."

वाळलेला रंग काही हलवता येत नाही. नवीन कार्ड घेतलं आणि नदीपासून सुरुवात केली.