त्रिकोणातला आकडा नेमकं काय सांगतो

बिस्किटाच्या पुड्यावर बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असेल तर तो पुडा रिसायकल होतोच ना, असा प्रश्न पडतो. नाही. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ही खूण 1988 साली अमेरिकेत प्लास्टिक उद्योगाने वर्गीकरणासाठी आणली. बाणांमुळे लोकांची फसगत होते म्हणून 2013 मध्ये मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण केला, तरी जुने बाण छापणं सुरूच आहे.

1 म्हणजे पेट, पाण्याची बाटली. भंगारवाला ती आनंदाने घेतो. दुधाची पिशवी बहुधा 4. ती कापताना कोपरा पूर्ण वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो चिमुकला तुकडा वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी विसळून उलटी वाळवा. दूध राहिलं की वास येतो आणि अख्खा गठ्ठा नाकारला जातो.

खरी अडचण 7 ची, म्हणजे इतर किंवा मिश्र प्लास्टिकची. वेफर्सचं पाकीट आतून चकाकतं तो ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर प्लास्टिकला चिकटलेला असतो, सहज सुटा होत नाही. असा माल अनेकदा सिमेंटच्या भट्टीत जाळला जातो. लेबलवर हे स्पष्ट छापायलाच हवं.

आयात चॉकलेटवरचं एकमेकांत गुंफलेल्या दोन बाणांचं वर्तुळ तर आणखी फसवं. उत्पादकाने युरोपातल्या कचरा-संकलन योजनेत पैसे भरलेत, एवढाच त्याचा अर्थ.