अणुकेंद्रात बांधलेला प्रोटॉन तोच राहतो का?

(सोलापुरातल्या तिघांच्या गप्पा; नावांच्या जागी त्यांचे भाग.)

जुळे सोलापूर: काल बारावीच्या वर्गात नेहमीसारखं अणुकेंद्र काढलं. लाल खडूचे गोळे प्रोटॉन, पांढरे न्यूट्रॉन. काढताना हात अडखळला. सुटा न्यूट्रॉन सरासरी 880 सेकंदांत विघटित होऊन प्रोटॉन बनतो, तोच कार्बन-12 मध्ये कायमचा टिकतो. माझं मत: केंद्रात हे कण बदलतात. मुलांना गोट्यांची पिशवी दाखवणं बंद करूया.

सात रस्ता: सर, उदाहरण चुकलं. तो न्यूट्रॉन प्रोटॉन झाला तर नायट्रोजन-12 तयार होईल, आणि ते कार्बन-12 पेक्षा जड. तेवढी ऊर्जा आणायची कुठून? हा नुसता हिशेब आहे, न्यूट्रॉनच्या आत काही बदललं असं त्यातून ठरत नाही. सूत बॉबिनवर असो की चादरीत, सूत तेच.

जुळे सोलापूर: बरोबर, ते उदाहरण मागे घेतो. पण 1983 चं काय करणार? सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशन या गटाने लोखंडावर आणि ड्युटेरियमवर (जड हायड्रोजन, केंद्रात एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, सोडले. लोखंडात एका कणामागे बंधनऊर्जा (कण केंद्रातून सुटे करायला लागणारी ऊर्जा) जेमतेम 8.8 एमईव्ही, प्रोटॉनचं वस्तुमान त्याच एककात 938. एवढ्याशा बंधनाने प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या आतल्या क्वार्कना काय फरक पडणार, असंच वाटत होतं. तरी दोन्हीकडे क्वार्कची वाटणी वेगळी निघाली!

अशोक चौक: माझं शिक्षण बीएस्सीपर्यंत, पुढे घरचे माग. पण सूत तेच, हे मला पटत नाही. चादरीतून एक धागा उसवून बघा. नागमोडी झालेला असतो. ओढून सरळ केला तरी सोडला की परत वळतो.

सात रस्ता: दादा, धाग्याचं पटलं. पण वळण सगळ्याच धाग्यांना आलंय का? अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या प्रयोगांत दिसलं की जड केंद्रांत साधारण 20 टक्के कण एका क्षणी अगदी अंगाला अंग लावून जोडीत असतात, बहुतेक प्रोटॉन-न्यूट्रॉन. अशा जोड्या जास्त तिथे 1983 चा परिणामही जास्त. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत चेंगरतात ते पाचातला एक, बाकीचे चौघे जसेच्या तसे. मग ‘कण बदलतात’ असं सरसकट कसं शिकवायचं?

जुळे सोलापूर: पण गर्दीत तोच एक माणूस सतत चेंगरत नाही ना! जोड्या क्षणात जुळतात, सुटतात, प्रत्येकाची पाळी येते. शिवाय सगळेच थोडेथोडे बदलतात, हे मत मांडणारेही आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही. मुलांना तोही सांगावा. आणि अंतरं बघा: प्रोटॉनचा व्यास सुमारे 1.7 फेम्टोमीटर (मीटरच्या दशलक्षांशाचा अब्जांश), शेजारी जेमतेम 2 वर. मोकळी जागा आहेच कुठे?

सात रस्ता: वाद सांगा, त्याला माझी हरकत नाही. पण गोळे पुसू नका सर, बंधनऊर्जेची गणितं मुलं त्यावरच शिकतात. फक्त दोन गोळे एकमेकांत घुसलेले काढा.