खंडान्त उतारावरील संशोधनाला अनेक देश का लागतात?

प्रश्न (जिज्ञासू_विद्यार्थी)
भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) आणि खंडान्त उतार (त्याच्या कडेपासून खोल समुद्राकडे उतरणारा तळ) यांवरील प्रक्रियांविषयी वाचताना जवळपास प्रत्येक मोठी मोहीम बहुराष्ट्रीय असल्याचे आढळते. नद्यांनी आणलेला गाळ, त्यातील सेंद्रिय कार्बन, उतारावरून घसरणारे गाळाचे लोंढे हे सारे किनाऱ्यालगत घडते आणि किनारा कोणत्या तरी एकाच देशाचा असतो. मग त्या देशाने स्वबळावर अभ्यास का करू नये? ही भागीदारी केवळ खर्च वाटून घेण्यासाठी असते का?

उत्तर (खोलपाणी)
खर्च हे कारण आहेच, पण मला ते दुय्यम वाटते. अरबी समुद्राचेच पाहा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचे पोषक पाणी वर येते; त्यावर वाढलेले सूक्ष्मजीव मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. मात्र प्राणवायूची तूट सर्वाधिक तीव्र असते ती मध्य आणि ईशान्य भागात. म्हणजे कारण एका किनाऱ्याशी आणि परिणाम दुसरीकडे. सुमारे 150 ते 1,000 मीटर खोलीवरचा हा प्राणवायूविरळ थर भारत, पाकिस्तान आणि ओमान या तिन्ही देशांच्या उतारांना टेकतो. कोणत्याही एका देशाने आपल्याच हद्दीत मोजमापे केली, तर त्याच्या हाती साखळीचा एक तुकडाच येईल. 1990च्या दशकात महासागरातील कार्बनप्रवाहांच्या जागतिक कार्यक्रमाअंतर्गत येथे अनेक देशांच्या जहाजांनी काम केले, ते याच कारणाने.

खर्चाच्या बाजूचे, म्हणजे एका देशाला एकट्याने पेलणे जड जाणाऱ्या कामाचे, उदाहरण जपानचे. मार्च 2011च्या भूकंपानंतर ‘चिक्यू’ या वेधनजहाजाने (समुद्रतळाला छिद्र पाडणाऱ्या जहाजाने) 2012 मध्ये जपान गर्तेजवळ (समुद्रतळावरील खोल दरीजवळ) सुमारे 6,900 मीटर पाण्याखाली, तळाच्याही 800 मीटरहून अधिक खाली छिद्र पाडून भ्रंशातील (भूकंपात जिथे खडक एकमेकांवरून सरकले त्या भेगेतील) खडक वर काढला. भूकंपात तेथे झालेल्या घर्षणाची उष्णता विरून जाण्याआधी तापमापके आत पोहोचणे आवश्यक असल्याने घाई होती. सुमारे 50 मीटर सरकलेला तो भ्रंश पाच मीटरांहूनही पातळ आणि निसरड्या चिकणमातीचा निघाला. जहाज जपानचे असले, तरी शास्त्रज्ञांचा चमू अनेक देशांचा होता.

उत्तर (नियमावली)
कायद्याचा भाग राहून गेला. 1982च्या सागरी कायदाविषयक करारानुसार किनारी देशाच्या 200 सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अथवा त्याच्या भूखंडमंचावर संशोधन करण्यासाठी त्या देशाची संमती लागते. मोहिमेची माहिती किमान सहा महिने आधी द्यावी लागते आणि किनारी देशाला सहभागी होण्याचा, तसेच माहिती व नमुने मिळवण्याचा हक्क असतो. तेव्हा भागीदारी ही पुष्कळदा सौजन्यापेक्षा अटीतून येते. कागदोपत्री एक निरीक्षक जहाजावर चढवला की अट पूर्ण होते, हेही खरे. विश्लेषणात आणि शोधनिबंधात त्या देशाचे संशोधक किती दिसतात, यावरून भागीदारीचा कस लावावा, असे माझे मत आहे.

प्रतिप्रश्न (जिज्ञासू_विद्यार्थी)
मग वर काढलेले नमुने शेवटी कोणाकडे राहतात? जहाजाच्या मालकाकडे का?

उत्तर (गाळवाचक)
समुद्रतळाच्या आंतरराष्ट्रीय वेधन कार्यक्रमात तसे होत नाही. छिद्रातून वर काढलेली गाळाची लांब दंडगोल कांडी दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकडा उभा चिरून त्याचे दोन भाग करतात. एका अर्ध्या भागातून संशोधक नमुने घेतात. दुसऱ्याची छायाचित्रे व चुंबकीय मोजमापे घेऊन तो जपून ठेवला जातो. कांड्यांची भांडारे अमेरिकेत टेक्सासमध्ये, जर्मनीत ब्रेमेनला आणि जपानमध्ये कोची येथे (केरळातले कोची नव्हे) आहेत, आणि कोणती कांडी कोठे जाणार हे जहाजाच्या ध्वजावर नव्हे, तर ती कोणत्या समुद्रातून काढली यावर ठरते. मोहिमेतील संशोधकांना साधारण वर्षभर प्राधान्य मिळते, त्यानंतर कोणत्याही देशाचा अभ्यासक रीतसर अर्ज करून नमुने मागू शकतो. ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या अमेरिकी वेधनजहाजाचे काम 2024 मध्ये थांबल्यामुळे नवीन कांड्यांचा ओघ आटला असून, साठवलेल्या कांड्यांवरील अर्जांना त्यामुळे अधिकच महत्त्व आले आहे.