खेळला गेला, पण धरला नाही: असा सामना विकिपीडियावर कसा मांडायचा?

कर्वेनगरची_ताई

नमस्कार मंडळी. मी शनिवार-रविवार सकाळी कर्वेनगरात मुलींना फुटबॉल शिकवते. काही महिन्यांपासून मराठी विकिपीडियावर भारतीय महिला संघाची वर्षवार पानं करायला घेतली आहेत. २०२५चं पान धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) जवळजवळ तयार आहे. ते लिहिताना हात थांबतच नव्हता. चियांग माईतल्या पात्रता फेरीत मंगोलियावर १३-०, तिमोर-लेस्तेवर ४-०, इराकवर ५-०, आणि ५ जुलैला थायलंडवर त्यांच्याच घरी २-१. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. चार सामन्यांत २४ गोल केले, खाल्ला फक्त एक. पात्रता फेरी खेळून आशियाई चषक गाठायची ही आपली पहिलीच वेळ. आमच्या मुलींना हे मराठीत एका जागी वाचायला मिळावं, एवढ्यासाठीच हे काम घेतलंय.

तिथून मागे मागे जात २०२२वर आले आणि अडले.

त्या वर्षी आशियाई चषक आपल्याकडेच होता. बालेवाडीला जपान-म्यानमार झाला, पुढे दोन्ही उपांत्य सामनेही तिथेच झाले. आपला संघ नवी मुंबईत खेळत होता. २० जानेवारीला डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ला चिनी तैपेईशी (म्हणजे तैवानशी) सामना होता, पण संघात कोरोना शिरला. नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू लागतात, तेवढ्याही उभ्या राहू शकल्या नाहीत. सामना झालाच नाही. संघाने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. २६ला चीनशी खेळायचं होतं, तेही राहिलं.

मी सामन्यांची एक वही ठेवते. २३ तारखेला सकाळीच पट्टीने चौकट आखून ठेवली होती. डावीकडे भारत, उजवीकडे चिनी तैपेई, मधे गोल लिहायला दोन बोटं जागा. ती जागा अजून कोरीच आहे. मागच्या रविवारी ही वही चाळताना आमच्या एका मुलीने विचारलं, "ताई, म्हणजे आपण हरलो का?" मी नाही म्हटलं. पण मग काय झालं, ते मला एका वाक्यात सांगता आलं नाही. पानावरही नेमकं तिथेच अडलंय.

इराणचा सामना यादीत ठेवायचा का? ठेवला तर वर्षाच्या बेरजेत बरोबरी म्हणून मोजायचा का? आणि जो झालाच नाही, त्याला ओळ द्यायची का?

धूळपाटीवाला

ताई, आधी एक करा. मैदानावर काय झालं आणि स्पर्धेने काय धरलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. इराणविरुद्ध नव्वद मिनिटं खेळ झाला, तेव्हा ती ओळ राहणारच. ०-० लिहा, शेजारी "निकाल नंतर रद्दबातल" अशी टीप द्या आणि टिपेला आशियाई फुटबॉल महासंघाच्या निवेदनाचा संदर्भ जोडा. गटाच्या गुणतक्त्यात मात्र भारताला गुण दाखवू नका. वर्षाची बेरीज द्यायचीच असेल तर तो सामना बाहेर ठेवा आणि तसं बेरजेखाली लिहा.

चिनी तैपेईच्या ओळीत गोलांच्या जागी "खेळवला गेला नाही" एवढंच. ०-३ अजिबात लिहू नका. सामना सोडून दिला की ०-३ ही सवय आपल्या डोक्यात बसलेली असते, पण इथे तसा निकाल दिलेलाच नाही. माघार धरली गेली, पराभव नाही. तुमच्या विद्यार्थिनीला तुम्ही दिलेलं उत्तर बरोबरच आहे.

आणखी एक. पानाच्या नावात "हंगाम" नको. हंगाम क्लबचा असतो. राष्ट्रीय संघ फिफाच्या ठरलेल्या खिडक्यांत (म्हणजे देशांच्या सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत) आणि स्पर्धांत खेळतो, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर हेच माप सोयीचं.

औंध_१०

मला हे पटत नाही. रद्द म्हणजे रद्द. जो निकाल अधिकृतपणे नाहीच, तो यादीत ठेवला तर वाचणारा गोंधळतो. खाली तळटीप पुरे.

धूळपाटीवाला

औंध, पुरुष संघाचं उदाहरण घ्या. ११ जून २०२४, दोहा. कतारने बरोबरी साधली तो चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता, सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं. तरी गोल धरला गेला, पुढे कतारने आणखी एक केला आणि निकाल त्यांच्या बाजूने २-१ राहिला. तिथे आपण २-१च लिहितो आणि वाद मजकुरात संदर्भासकट मांडतो. आपल्याला पटो न पटो, धरलेला निकाल पुसत नाही. तोच न्याय उलटा इथे लावा: निकाल धरला नाही म्हणून खेळलेली नव्वद मिनिटं पुसता येणार नाहीत. तळटिपेत टाकलेला सामना मोबाइलवर कोणी उघडूनही बघत नाही.

गच्चीवरून_बालेवाडी

मी फक्त साच्यांचं (पानात माहिती भरायच्या तयार चौकटींचं) सांगते, कारण यात माझे दोन रविवार गेलेत. साच्याच्या आत जिथे बेरीज-वजाबाकी होते, तिथे इंग्रजी आकडे भरा. देवनागरी आकडे दिले की गणित न होता लाल अक्षरांत त्रुटी येते. नुसत्या मजकुरात देवनागरी आकडे चालतात. चियांग माईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणून वेळ तिथली द्या आणि तसं लिहा. वर्तमानपत्रातले फोटो उचलू नका, प्रताधिकाराचा प्रश्न येतो. खेळाडूंच्या पानांवरचे एकूण सामन्यांचे आकडेही या पानावरून बदलायला जाऊ नका, ते ज्या स्रोतातून आले त्याच्याच तारखेनिशी राहू देत.

आणि ताई, तुमच्या धूळपाटीवर डोकावले. मंगोलियाविरुद्ध पाच गोल करणाऱ्या प्यारीचं आडनाव तुम्ही "झाझा" लिहिलंय. ते इंग्रजी स्पेलिंगवरून आलेलं दिसतं. हे कुडुख भाषेतलं आडनाव आहे, उच्चार "खाखा".

कर्वेनगरची_ताई

खाखा! बरं झालं सांगितलंत. पाच गोल केलेल्या मुलीचं नावच मी चुकवलं होतं, मनाला फार लागलं. दुरुस्त केलंय, आणि "झाझा" शोधणाऱ्यांसाठी पुनर्निर्देशन ठेवलंय.

२०२२ची ओळ आता अशी केली आहे: "२३ जानेवारी, चिनी तैपेई, नवी मुंबई. खेळवला गेला नाही. कोरोनामुळे भारताला किमान १३ खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत." त्याच्या वर इराणचा ०-० टिपेसकट. औंध, वाचणारा गोंधळतो हा तुमचा मुद्दा धरून टीप खाली न टाकता ओळीतच घेतली आहे, म्हणजे गोंधळ व्हायला नको. येत्या रविवारी मुलींना हे पान दाखवणार आहे. त्याआधी कोणी मणिपुरी नावांवरून नजर फिरवाल का? पंथोई चानू आणि ग्रेस डांगमेई ही दोन नावं खास तपासून हवी आहेत.