प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना: मुलांना साधेपणा कसा शिकवायचा?

तरुणसंघ_सेवक

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत आठवड्यातून एकदा घरगुती प्रार्थनासभा असते. तरुण मुलांना प्रार्थना करायला सांगितलं की ती एकतर मागे सरतात, नाहीतर मोठ्यांची नक्कल करतात. तोच चढा सूर, तेच ‘दयाघना, कृपासागरा’ आणि दर श्वासाला ‘प्रभू बापा’. मनापासूनची साधी प्रार्थना शिकवता येते का? येत असेल तर सुरुवात कुठून करू? लिहून आणलेली प्रार्थना वाचली की ती मनापासूनची राहत नाही, असं काही जण म्हणतात. ते बरोबर आहे का?

बेथानीकर

शिकवता येते. एका शिष्यानेच ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ अशी प्रभू येशूला विनंती केली होती (लूक ११:१). तेव्हा मिळालेली प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. मत्तयाच्या शुभवर्तमानातला क्रम मुलांना दाखवा: आधी देवाचं नाव, राज्य, इच्छा, मग भाकर, क्षमा, परीक्षेपासून बचाव. भाकरही आजच्यापुरतीच.

सुरुवात एका वाक्याने करा. देवाला एकदाच हाक मारायची, एकच गोष्ट मागायची, आमेन. पेत्र बुडायला लागला तेव्हा ‘प्रभूजी, मला वाचवा’ एवढंच म्हणाला (मत्तय १४:३०).

‘प्रभू बापा’ दर श्वासाला का येतं? पुढचं वाक्य सुचेपर्यंतची शांतता सहन होत नाही म्हणून. त्यामुळे ‘हे शब्द म्हणू नका’ अशी ताकीद दिली की मुलं आणखी बावरतात. त्याऐवजी सभेआधी सांगून ठेवा: मध्येच थांबलात तरी चालेल, कोणी आमेन म्हणून तोडणार नाही. आणि चालवणाऱ्याने स्वतः पहिली प्रार्थना छोटी करावी. दहा मिनिटांच्या प्रार्थनेनंतर एक वाक्य बोलायला कोण धजेल?

एक नमुना देतो. ‘हे परमपवित्र, सर्वसमर्थ दयासागरा, आम्ही तुझ्या चरणी नम्र होऊन येतो आणि परीक्षेस बसणाऱ्या सर्व लेकरांना तुझ्या बुद्धीच्या भांडारातून…’ याऐवजी: ‘पित्या, सोमवारी आमचा गणिताचा पेपर आहे. मला भीती वाटते. शांत डोक्याने लिहायला मदत कर. येशूच्या नावाने, आमेन.’ दुसऱ्या प्रार्थनेत ‘मला भीती वाटते’ हे वाक्य आहे. पहिलीत त्याला जागाच नव्हती.

वसईचा_वाचक

भाषेबद्दल एक भर. घरात कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या मुलाने त्याच बोलीत मागावं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, तेव्हा कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशीच मराठी वापरली. शास्त्र सोप्या भाषेत चालतं, तर प्रार्थनेला जड शब्द कशाला?

स्तोत्रपाठी

शब्द साधे करूनही एक रोग राहतो, आणि माझ्या मते तो जास्त घातक आहे: देवाला हाक मारून माणसांशी बोलणं. ‘प्रभू, काही जण सभेला उशिरा येतात, त्यांना जागृत कर’ हा टोमणा आहे. ‘अमक्याच्या घरात काय चाललंय ते तुला ठाऊकच आहे’ ही चहाडी आहे. प्रभूच्या दाखल्यातल्या परूशाची, म्हणजे कडक धर्मनियम पाळणाऱ्या माणसाची, प्रार्थना उपकारस्तुतीनेच सुरू होते, पण पुढे सगळा हिशोब स्वतःचा: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश. शिवाय शेजारच्या जकातदाराशी तुलना. जकातदार मात्र म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ (लूक १८). मुलांना एकच कसोटी द्या: खोलीत दुसरं कोणी नसतं तर हे वाक्य मी देवाला बोललो असतो का?

आजाऱ्याकडे गेल्यावर तर आधी त्यालाच विचारा, ‘तुमच्यासाठी काय मागू?’ तो म्हणेल तेच, त्याचं नाव घेऊन, मिनिटभरात मागा. आजाराचा तपशील त्याच्या परवानगीशिवाय मंडळीसमोर नको.

उपासनाक्रम

लिहिलेल्या प्रार्थनेबद्दल मी ठाम आहे: कागद खोटा नसतो. स्तोत्रसंहिता लिहिलेलीच आहे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं मराठी मंडळ्या आजही प्रार्थना म्हणूनच गातात. पुन्हा तेच शब्द म्हणणं हाही दोष नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत प्रार्थना केली (मत्तय २६:४४), आणि स्तोत्र १३६ मध्ये ‘त्याची दया सनातन आहे’ हे २६ वेळा येतं. मत्तय ६:७ मध्ये आक्षेप आहे तो फार बोललो की देव ऐकेल या समजुतीवर.

छोटं म्हणजेच साधं, असंही नाही. प्रभूने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली (लूक ६:१२). पण एकांत वेगळा, सभा वेगळी. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमाचा २० वा अध्याय सांगतो की प्रार्थना छोटी आणि शुद्ध असावी. देवाच्या प्रेरणेने लांबली तर गोष्ट निराळी, पण सगळे एकत्र असताना ती छोटीच हवी.

मुलांना लिहायला द्यायची असेल तर जुन्या उपासनापुस्तकांतल्या ‘कलेक्ट’चा, म्हणजे ठरावीक क्रमाच्या छोट्या प्रार्थनेचा, साचा वापरा. हाक, देवाविषयी एक सत्य, एकच मागणं, ते कशासाठी, आणि शेवटी ख्रिस्ताच्या नावाने. उदाहरणार्थ: ‘हे पित्या, तू पोरक्यांचा कैवारी आहेस. आमच्या वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची आम्हांला आठवण दे, म्हणजे ती उपाशी राहणार नाहीत. प्रभू येशूच्या नावाने, आमेन.’ मुलं सहसा दुसऱ्या भागात अडखळतात आणि विशेषणांची रास लावतात. त्यांना मागणं आधी लिहायला सांगा, मग त्या मागण्याशी जुळणारं देवाविषयीचं एकच सत्य शोधायला सांगा.

तरुणसंघ_सेवक

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक. एका मुलीचा देवावर राग आहे. तिला ‘स्तुतीने सुरुवात कर’ म्हणणं खोटं वाटतं.

स्तोत्रपाठी

मग म्हणू नका. तिला स्तोत्र १३ द्या. सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी आहे. ते शेवटी आशेवर येतं. तिथवर तिचं मन पोहोचत नसेल तर स्तोत्र ८८ द्या, ते अंधारातच संपतं आणि तरीही शास्त्रात आहे. सभेत मोठ्याने वाचायची सक्ती नको. ती वाचत असताना कोणी मध्येच तिची समजूत काढू नये, एवढं मात्र तुम्ही पाहा.