मदत हवी आहे: साइटसाठी जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) की साधं पीएचपी (वेबसाठीची भाषा)?
आमच्या बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये आहे. हप्ते आणि कर्जाची बाकी मोबाइलवर दिसेल अशी छोटी साइट स्वतः करायची आहे. एचटीएमएल, सीएसएस जमतं. पायथनमध्ये लूप, फंक्शन, डिक्शनरीपर्यंत पोचलेय. फ्लास्कमध्ये (पायथनचंच छोटं फ्रेमवर्क) एक फॉर्म चालला, पण लॉगिन आणि डेटाबेस जोडताना घोळ झाला. जँगोत दोन्ही आयतं मिळतं, शिवाय ॲडमिन पानही. पण मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्याची रचना) बदललं की मायग्रेशनपाशी, म्हणजे तो बदल डेटाबेसमध्ये उतरवताना, गाडी अडते. पीएचपी कुठल्याही स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) चालतं, हा मोह आहेच. (वर्डप्रेस सुचवू नका, मला शिकायचंय.)

लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, वेळ रोज तासभर, वापरणाऱ्या आम्ही १५ जणी. नोकरीचा प्रश्न नाही.

जँगोलाच चिकटून राहू, की हे आधी पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये उरकू?